बेचाळीस बाटल्या

साठी उलटली की माणसाच्या गरजा कमी होतात, असं सांगणाऱ्यांनी एकदा कासारखेडला येऊन पेन्शनर मंडळींचं सकाळचं फिरणं पाहावं. इतर गावांतली म्हातारी माणसं झाडं, मोकळी हवा आणि ओळखीचे चेहरे बघून रस्ता ठरवतात. कासारखेडात रस्ता मुताऱ्यांवरून ठरतो. आधी एसटी स्टँड, मग बाजार समितीची मागची भिंत, मग पंचायत समिती, आणि शेवटी देवळामागचं नवं शौचालय. दोन थांब्यांमध्ये आठ मिनिटांहून जास्त अंतर पडता कामा नये. २०४३ साली गावात बिनड्रायव्हरच्या बस धावू लागल्या होत्या, ग्रामसभेत कोण खोटं बोलतंय ते सांगणारा कॅमेराही आला होता (पहिल्याच सभेनंतर तो नादुरुस्त झाला), पण या रस्त्याला कुणी हात लावला नव्हता.

उल्हास रांजणे आणि दस्तगीर मुल्लाणी रोज साडेसहाला निघत. दस्तगीर भिंतीकडे तोंड करून उभा राही, उल्हास बाहेर त्याची काठी धरून.

"आलं का रे?" उल्हास विचारी.

"अर्ज दिलाय. मंजुरीची वाट बघतोय."

"वशिला लाव की."

"वशिल्यावरच इथवर आलोय. तू गप उभा रा."

दोघेही झळाळी मेटल फिनिशर्स या कारखान्यातून निवृत्त झालेले. दस्तगीर टाकीवर, म्हणजे प्लेटिंग खात्यात, एकोणतीस वर्षं होता. उल्हास स्टोअरकीपर. विमानाचे बोल्ट खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर कॅडमियम नावाच्या धातूचा पातळ पिवळसर थर चढवायचा, हे झळाळीचं काम. उल्हासने स्टोअरमधून कॅडमियमचे गोळे द्यायचे, आकाराने थेट बुंदीच्या लाडवाएवढे, आणि दस्तगीरने ते टाकीत सोडायचे. टाकीतून धुकं उठायचं. ते बाहेर ओढायला वर एक पंखा होता. कारखान्याच्या नकाशात तो कायम चालू असे.

टाकीवर एकूण बेचाळीस माणसं. त्यांतली तेरा आता नव्हती. उरलेल्या एकोणतिसांपैकी अकरा जणांना प्रोस्टेटचं दुखणं. कंपनीचे डॉक्टर सगळ्यांना एकच सांगत, "वय झालं." बापू लोखंडे सेहेचाळिसाव्या वर्षी गेला, त्याच्याही कागदावर त्यांनी हेच लिहिलं होतं. झळाळीत माणसाचं वय लवकर होतं, एवढं तरी त्यांनी त्यात कबूल केलं म्हणायचं.

त्या वर्षी उपजिल्हा रुग्णालयात एक खुर्ची आली. सरकारी नाव ‘वलयवाचक’. दिसायला सलूनमधल्या खुर्चीसारखी, फक्त बसायच्या जागेखाली जाड डबा बसवलेला. ती चालवायला डॉ. मृण्मयी ठोंबरे नावाच्या तरुण डॉक्टर आल्या. पेशंटला आपल्याला काय होतंय ते कळलं पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. नोकरी नवीन होती.

"काका, प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी," त्या दस्तगीरला सांगू लागल्या. "तिला जस्ताची भारी हौस. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही मऊ अवयवापेक्षा ती जास्त जस्त साठवते. आणि कॅडमियम दिसायला-वागायला जस्ताच्या सख्ख्या भावासारखं. दारावरचा राखणदार फसतो, जस्त समजून त्याला आत घेतो. एकदा आत शिरलं की वीस-वीस वर्षं हलत नाही."

"आमच्या मेव्हण्यासारखं," दस्तगीर म्हणाला.

"वय वाढलं की या ग्रंथीत वाळूच्या कणाएवढे खडे धरतात. कांद्यासारखे, थरावर थर चढत. हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं, पण त्या खड्यांकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. आता कळलंय की झाडाच्या खोडात जसं वर्षावर्षाचं वलय उमटतं, तसा या खड्यांत काळ उमटतो. खुर्चीतले बारीक क्ष-किरण न कापता प्रत्येक थरातला धातू मोजतात. पूर्वी या मोजणीला मैदानाएवढं यंत्र लागायचं. आणि गंमत म्हणजे, प्रत्येक खाणीच्या कॅडमियममध्ये हलक्या आणि जड अणूंचं प्रमाण किंचित वेगळं असतं. त्यामुळे तुमच्यातला धातू विडीच्या धुरातून आला की टाकीतून, तेही कळतं."

दस्तगीर वीस मिनिटं बसला. यंत्रातून हातभर लांब कागद बाहेर आला. त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा, प्रत्येकीखाली साल.

"हे पांढरं काय ओ, डॉक्टर?"

"इथे चार महिने नवा धातू जवळजवळ आलाच नाही. २०२०."

"टाळेबंदी! घरी बसून बायकोच्या शिव्या खात होतो. आणि ही बारकी पांढरी रेघ?"

"२०२७. जूनच्या आसपास, पाच आठवडे."

दस्तगीरने त्या रेघेवर बोट ठेवलं. "पोरीचं, रेश्माचं लगीन. पाच आठवडं रजा टाकलेली." मग त्याचं बोट मागे सरकलं. "आणि हा काळाकुट्ट पट्टा म्हंजे पंखा जळाला ते साल. बरोबर? तेवीस. वर्षभर नवा आणला नव्हता."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

"उल्हास, हे बघ की रं," दस्तगीर म्हणाला. त्याने कागद उल्हाससमोर धरला. "कंपनीच्या मस्टरवर मी निम्मी वर्षं झाडूवाला. टाकीवर माणूसच नव्हता म्हणं, बोल्ट आपोआप पिवळं व्हायचं. आन हितं बघ. एक दिवस चुकलेला नाही. माझी खरी हजेरी कुणी लावली? या गाठीनं!"

त्या दिवसापासून गावात त्या यंत्राला सगळे हजेरीची खुर्ची म्हणू लागले.

दुसरा कागद, बाकीच्या तपासण्यांचा, डॉक्टरांनी हळू आवाजात वाचला. गाठ कॅन्सरची होती, आणि हाडांत उतरली होती. औषधं घेतली तर दोन वर्षं.

दस्तगीरने हजेरीच्या कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाला, "टाक्या अजून चालू हायत नव्हं?"

"आहेत," उल्हास म्हणाला. "साठ माणसं आहेत आता. सगळी कंत्राटी."

"मग एवढंच लिहून पायजे. वय झालं न्हवं, टाकीनं केलं. सरकारी सही-शिक्क्यानिशी. एकदा तसं लिहिलं की त्यांना टाक्या बंद कराव्या लागतील. मला दुसरं काय नको."

"काका, तुम्हीही बसून घ्या ना," डॉक्टर उल्हासला म्हणाल्या.

"मी स्टोअरला होतो. मला काय धाड भरलीय?" असं म्हणून उल्हास दाराकडे निघाला. गेलं वर्षभर तोही प्रत्येक थांब्यावर आपली काठी दस्तगीरकडे देऊन आत जाऊन येत होता, ही गोष्ट त्याने दस्तगीरखेरीज कुणाला कळू दिली नव्हती.

जिल्ह्याच्या ठिकाणी व्यवसायजन्य आजार निर्णय मंडळात दस्तगीरच्या अर्जाची सुनावणी लागली. अध्यक्षा देवयानी पाठारे या निवृत्त न्यायाधीश. कंपनीतर्फे अॅडव्होकेट सोनटक्के. आवाज इतका गोड की त्यांनी फाशीची शिक्षा वाचून दाखवली तरी ऐकणाऱ्याने आणखी एक कप चहा मागवला असता. त्यांनी ट्रॉलीवर घालून सोळा फाईली आणल्या.

"मॅडम, खुर्ची नवीन आहे. नवीन खुर्चीवर बसलं की माणसं काहीही बोलतात, हे आपण रोज बघतो. आमच्याकडे जुना, पक्का पुरावा आहे. २०१९ ते २०३४. दर वर्षी बेचाळीसच्या बेचाळीस कामगारांच्या लघवीची तपासणी. शरीरात कॅडमियम असेल तर ते लघवीत उतरणारच, हे डॉक्टर ठोंबरेही मान्य करतील. आणि इथे? निरंक. निरंक. निरंक. सोळा वर्षं, एकही अपवाद नाही. कामगार खोटं बोलेल, यंत्र चुकेल. लघवी खोटं बोलत नाही."

मागच्या बाकांवर झळाळीचे एकोणतीस म्हातारे बसले होते. त्या एकोणतीस जणांनी एकाच क्षणी आपापल्या चपलांकडे पाहिलं. ते पाठारेबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"कुणाला काही सांगायचंय?"

कुणालाच नव्हतं. चार आठवड्यांनंतरची तारीख पडली. तोवर या निरंकांचा उलगडा झाला नाही तर अर्ज फेटाळला जाईल, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

उलगडा साधा होता. त्या सगळ्या बाटल्या उल्हासने भरल्या होत्या.

झळाळीत वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, टाक्या दुपारी बारापर्यंत बंद राहत. हत्यारांची पूजा असे. माणसं रिकामी म्हणून वैद्यकीय तपासणीही त्याच दिवशी. पहिल्या वर्षी, २०१८ साली, चौघांचे रिपोर्ट लाल आले आणि चौघांनाही दसऱ्यानंतर गेटवरूनच परत पाठवण्यात आलं. तब्येत बरी नाही ना, मग घरी बसा. कंपनीने पंखा बदलला नाही, माणसं बदलली. दुसऱ्या वर्षी सगळं प्लेटिंग खातं स्टोअरच्या खिडकीशी आलं. स्टोअर तेव्हा पार लांब, गेटजवळ होतं. "भाऊ, तुमची स्वच्छ हाय. घर वाचवा आमचं." उल्हासला नाही म्हणता आलं नाही. मग दर खंडेनवमीला तो सकाळी सहापासून पाणी पिऊ लागला. दोन तांबे पाणी, वर दोन ग्लास उसाचा रस. एका बाटलीत चार बोटं. अकरापर्यंत बेचाळीस. सुपरवायझर संडासाच्या दारात पाठ करून उभा राही आणि हातातली यादी वाचल्यासारखं करी. त्यानंतर हत्यारांना हळदकुंकू, उल्हासला नारळ.

हे सगळं उल्हासने त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं. सुलभाबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली.

"बेचाळीस जणांची? तुम्ही एकट्याने?"

"हो."

"सोळा वर्षं? आणि मला वाटायचं, खंडेनवमीचे नारळ तुम्हाला मान म्हणून मिळतात!"

"मानच होता तो, अगं."

"माझ्या आईला वाढले मी ते नारळ. ओल्या नारळाच्या करंज्या केल्या!" त्या रागाने बोलल्या, मग एकदम थांबल्या. "अहो, पण मग त्या बापू लोखंड्याची बाटली... ती पण तुम्हीच?"

उल्हासने खाली ठेवलेली भाजी ओढून निवडायला घेतली. बापूच्या मयताला जाऊन आल्यावर तो दोन दिवस जेवला नव्हता, ते का, हे सुलभाबाईंना आज कळलं.

दस्तगीरने मात्र त्याला साफ बजावलं. "तू तोंड उघडायचं न्हाईस. बनावट पुरावा केला म्हणून तुलाच आत टाकतील. पेन्शन जाईल, नाव जाईल. आन वर म्हणतील कामगारांनीच कंपनीला फसवलं."

"मग तुझा कागद?"

"मी कागदाबिगर मरतो. कितीतरी लोक मरत्यात."

"आणि ती साठ माणसं?"

दस्तगीरने काठी उचलली आणि तो घराकडे चालू लागला.

उल्हासने पुढचे तीन आठवडे माळ्यावरचे कागद खाली काढण्यात घालवले. स्टोअरकीपर माणूस. आलेली प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवायची सवय. शेवटी त्याला हवं ते सापडलं.

दुसऱ्या सुनावणीला तो उठून उभा राहिला आणि शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. मागून दस्तगीर "बस खाली, उल्ल्या!" असं ओरडला. उल्हास बसला नाही.

"बाई, त्या सगळ्या बाटल्या माझ्या आहेत."

त्याने सगळं सांगून टाकलं. मग सोनटक्के गोड हसले. "म्हणजे आपण सोळा वर्षं माझ्या अशिलाला फसवलंत. बिचारी कंपनी! विश्वासाने रिपोर्ट बघत राहिली. याला पुरावा काही? की आपणही खुर्चीसारखेच?"

"आहे ना," उल्हास म्हणाला. "फाईल क्रमांक आठ उघडा. २०२६. कॅडमियम सोडा, त्याच्या खालची ओळ वाचा. साखरेची."

पाठारेबाईंनी स्वतः फाईल ओढली. पान उलटलं. दुसरं उलटलं. मग भरभर उलटू लागल्या.

"सगळ्यांना साखर आहे," त्या म्हणाल्या.

"त्या वर्षी मला मधुमेह झाला, बाई. २०३१ बघा. सगळ्यांच्या लघवीत रक्त. तेव्हा मला मुतखडा होता. दवाखान्याचा कागद हा घ्या. बेचाळीस माणसांना एकाच दिवशी मुतखडा होतो का? नव्या डॉक्टरला विचारा, जुन्याला नको. तो म्हणेल वय झालं."

सोनटक्क्यांनी घसा साफ केला. "मॅडम, कंपनीकडे इतके अहवाल येतात. प्रत्येक ओळ वाचणं..."

"वाचली होती," उल्हास म्हणाला आणि खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. "टाकीवरच्या माणसाला कंपनी रोज गुळाचा खडा देत असे. गूळ खाल्ला की धातू निघून जातो म्हणून. गूळ माझ्या स्टोअरमधून जायचा. ही मला आलेली नोटीस. मॅनेजरची सही आहे."

पाठारेबाईंनी मोठ्याने वाचलं: "वार्षिक तपासणीत प्लेटिंग विभागातील सर्व बेचाळीस कामगारांच्या लघवीत साखर आढळून आल्याने, कामगारांच्या आरोग्याच्या हितार्थ गूळवाटप आजपासून बंद करण्यात येत आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि त्याचं हसणं खोकल्यात गेलं.

सोनटक्के मुरलेले होते. त्यांनी गुळाकडे पाहिलंसुद्धा नाही. "ठीक. बाटल्या यांच्या, असं क्षणभर धरू. मग यांचं शरीर स्वच्छ असलं पाहिजे. नाही का, डॉक्टर? स्वच्छ शरीर, स्वच्छ लघवी. ती खुर्ची एवढी खरी असेल तर साक्षीदाराने तिच्यावर बसावं. यांच्यात धातू निघाला तर ती निरंक लघवी यांची नव्हे. ही साक्ष खोटी, आणि आमचे रिपोर्ट खरे."

उल्हासने सालं मनात मोजली. २०२८ मध्ये गेटजवळ शोरूम बांधायला घेतली तेव्हा स्टोअर हलवलं होतं. टाकीला लागून, मध्ये फक्त पत्र्याची भिंत. सहा वर्षं तो तिथे बसला होता. गेलं वर्षभर तो कशाला घाबरत होता ते त्याला नेमकं ठाऊक होतं. आता बसलं नाही तर साक्ष जाणार, आणि बसलं तरी कदाचित जाणारच. त्याने मागे पाहिलं. दस्तगीर मान हलवून नको नको म्हणत होता.

"बसतो," उल्हास म्हणाला.

खुर्ची टेम्पोतून आणण्यात आली. आठवडाभराने, मंडळासमोर, पडद्याआड उल्हास वीस मिनिटं बसला. कागद बाहेर आला. डॉ. ठोंबऱ्यांनी तो टेबलावर पसरला. २०२८ पर्यंत पांढरा. त्यापुढे राखाडी, मग काळा, मग दस्तगीरच्या कागदाइतका काळा. धातू त्याच खाणीचा.

सोनटक्क्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मॅडम, साक्षीदार संपला."

"एक मिनिट," डॉ. ठोंबरे म्हणाल्या. त्यांनी शेवटच्या चार फाईली टेबलावर उघडल्या. "साखर आणि रक्त सोळा वर्षं बेचाळीस बाटल्यांत तंतोतंत सारखं आहे. म्हणजे माणूस एकच, आणि तो हाच. २०२८ पर्यंत यांची लघवी खरंच स्वच्छ असणार. पण त्यानंतर तीन वर्षांत तिच्यात कॅडमियम दिसायलाच हवं होतं. २०३१ ते ३४, एकशे अडुसष्ट बाटल्या, सगळ्यांत कॅडमियम होतं. आणि तुमच्या कागदावर निरंक आहे. साखर बघायला पट्टी बुडवली की झालं, दोन मिनिटांचं काम. कॅडमियमला वेगळं यंत्र लागतं. सर, मूळ मोजणीचे कागद कुठे आहेत?"

"ते... जुने रेकॉर्ड नियमानुसार नष्ट केलेलं आहे."

"‘निरंक’ हा शब्द छापील आहे," पाठारेबाई फाईल डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या. "नाव, वय, साखर टाइप केलंय. हा आधीपासून फॉर्मवर छापलेला आहे."

उल्हासला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो टेबलाशी आला. आयुष्यात त्याने स्टोअरच्या खिडकीतून कुणावर आवाज चढवला नव्हता.

"म्हणजे बघितलंच नव्हतं? बाई, पहिल्या वर्षी चार माणसं घालवली, तेव्हा खरं बघितलं असेल. मग बघायचंच सोडलं? मी सोळा वर्षं पाणी पीत होतो! तेरा मयतांना गेलो, आणि तेरा वेळा वाटलं, याला मी मारला. माझ्या स्वच्छ लघवीने मारला. बापूच्या बायकोच्या समोर मला उभं राहता आलं नाही. आणि हे म्हणतात आम्ही यांना फसवलं! अहो, फसायला तरी हवं होतं तुम्ही! आमच्या बाटलीत तुम्हाला साखर दिसली, गूळ बंद केलात. विष दिसलं नाही. एका खड्याएवढा गूळ, तो बघायला डोळे होते तुम्हाला!"

कुणी त्याला थांबवलं नाही. सोनटक्क्यांनी फाईली ट्रॉलीवर रचायला घेतल्या, पण त्यांना त्या सरळ रचता येईनात.

पाठारेबाईंनी त्याच दिवशी आदेश दिला. आजार वयाचा नाही, टाकीचा. टाक्या ताबडतोब बंद. उल्हासने केलेल्या बनावटगिरीची वेगळी चौकशी होईल, हेही त्यांनी लिहिलं, आणि ते लिहिताना त्यांनी चष्मा काढला.

शिक्का मारलेला कागद दस्तगीरने छातीशी धरला. नवव्या दिवशी कंपनीने वरच्या कोर्टातून स्थगिती आणली आणि टाक्या पुन्हा सुरू झाल्या. तोवर दस्तगीरने अंथरूण धरलं होतं. फिरायला आता उल्हास एकटाच निघे, आणि आपली काठी धरायला कुणी नसल्यामुळे ती भिंतीला टेकवून ठेवी.

"आलं का रे?" दस्तगीर पलंगावरून विचारी.

"स्थगिती आहे."

दस्तगीर हसला की त्याचं पाठीचं हाड दुखे, म्हणून उल्हास दिवसाला एकच विनोद करी.

खंडेनवमीला सकाळी दहा वाजता झळाळीच्या गेटवर पूजेची गडबड होती. झेंडूच्या माळा, यंत्रांना हळदकुंकू. साठ कंत्राटी कामगार तपासणीच्या रांगेत उभे होते, हातात रिकाम्या बाटल्या. त्यांच्यातला एक जण पुन्हा पुन्हा आत, टाक्यांलगतच्या स्टोअरच्या खिडकीकडे बघत होता. खिडकीत नवा स्टोअरकीपर बसला होता, शेजारी पाण्याचा तांब्या.

तेवढ्यात रस्त्याने म्हातारी माणसं आली. अठ्ठावीस जण आणि उल्हास. घोषणा नाहीत, फलक नाही. सगळे हळू चालत होते, कारण दुसरं चालताच येत नव्हतं. गेटच्या कमानीखाली, मालकाची गाडी जिथून आत जाते तिथे, त्यांनी एकेक बाटली मांडायला सुरुवात केली. प्रत्येकीवर ज्याचं त्याचं नाव, ज्याच्या त्याच्या अक्षरात. काही पिवळ्या, काही गढूळ, दोन लालसर. मग उल्हासने पिशवीतून तेरा बाटल्या काढल्या. त्या रिकाम्या होत्या. झाकणं घट्ट लावलेली. बापू लोखंडे. केशव घाडगे. सदू मोहिते. एकेक नाव मोठ्याने वाचून त्याने त्या ओळीत ठेवल्या.

सर्वात शेवटी दस्तगीरची ठेवली. ती त्याने पलंगावरून पाठवली होती. तळाला जेमतेम बोटभर होती. सकाळपासून दोन तास लागले होते त्याला.

सिक्युरिटीवाला धावत आला. "अहो, काय हे? कुठं ठेवताय? साहेब येतायत!"

"तपासणी आहे ना आज," उल्हास म्हणाला. "बेचाळीस. मोजून घे. या वेळी आमच्या आमच्या आहेत. साहेबांना सांग, उघडून बघा म्हणावं."

रांगेतला तो कामगार पुढे आला. तिशीचा असेल. त्याने खिडकीतल्या तांब्याकडे पाहिलं, मग त्या तेरा रिकाम्या बाटल्यांकडे.

"काका, आमच्या कुणी भरायच्या?"

"तुझी तू," उल्हास म्हणाला.

साहेबांची गाडी कमानीशी येऊन हॉर्न वाजवत उभी राहिली. ती काचेच्या बेचाळीस बाटल्यांवरून घालायला ड्रायव्हर तयार होईना. बारा वाजता टाक्यांचं बटण दाबायची वेळ होती. बटणाशी कोणी गेलं नाही. साठच्या साठ माणसं पुन्हा रांगेला लागली होती, स्टोअरच्या खिडकीकडे पाठ करून, मुतारीच्या भिंतीपाशी. रांग हळूहळू सरकत होती, आणि कमानीखालची बाटल्यांची ओळ रस्त्याच्या दिशेने वाढत चालली होती.